सरकारी की खाजगी? लेकीच्या बाळंतपणाआधी थोडं

प्रिय नंदा,

पत्र पोचलं. लेकीला पहिल्या बाळंतपणाला माहेरी आणलंस, बरं केलंस. नाव सरकारीत घालू की खाजगीत, असं विचारलंयस. पाटी बाजूला ठेव आणि दोन्हीकडे जाऊन विचार: रात्री दोनला सिझरची वेळ आली, तर भूल देणारे डॉक्टर किती वेळात येतात आणि रक्त कुठून आणता? जिल्हा रुग्णालयात बहुधा दोन्ही आवारातच मिळतं. लहान प्रसूतिगृहात भूलतज्ज्ञ बाहेरून येतात आणि रक्तासाठी घरच्यांची पळापळ होते. ग्रामीण रुग्णालयात तर सिझरची सोय असेलच असं नाही. उत्तर गुळमुळीत आलं, तर दुसरी जागा बघ.

खाजगीत सगळे सिझरच करतात, हे तुझं म्हणणं अगदीच खोटं नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशभरात खाजगीत ४७.४ टक्के सिझर होती, सरकारीत १४.३. पण याचं खापर नुसतं पैशावर फोडू नकोस. पहिलटकरणीच्या कळा बारा-चौदा तास सहज चालतात. सरकारीत ड्यूटी बदलते, नवी सिस्टर येते. खाजगीत एकच डॉक्टर दिवसभर ओपीडी करून रात्र जागणार. शिवाय मुहूर्त काढून येणारे नातेवाईक असतातच. तारीख आपण ठरवायची असेल, तर ३९ आठवडे भरल्याशिवाय नको. आधी काढलेल्या बाळाला श्वासाचा त्रास होण्याची शक्यता जास्त.

घाईने दाखल होऊ नका. पिशवीचं तोंड दोन सेंटिमीटर उघडलेलं असताना खाटेवर पडलं, की सलाईनमधून कळांचं औषध सुरू होतं आणि मग ‘कळा पुढे सरकत नाहीत’ म्हणून सिझर. दर पाच मिनिटांनी, मिनिटभर टिकणारी कळ तासभर येत राहिली की निघा. दवाखाना लांब असेल तर त्याआधीच. पाणी गेलं, रक्त दिसलं, बाळाची हालचाल मंदावली, डोकं ठणकून डोळ्यांपुढे अंधारी आली, तर कळांची वाट बघायची नाही.

लेबर रूममध्ये सोबतीला एक बाई थांबू देण्याची मुभा केंद्राने २०१६ मध्ये सरकारी रुग्णालयांना दिली आहे. तेव्हा तू थांबायचा आग्रह धर. कळांमध्ये तिला चालू-फिरू दे, पाणी, सरबत पाजत राहा. पोटावर कोणी जोर देऊन दाबायला आलं, तर स्पष्ट नको म्हण. त्याने अंग गुदद्वारापर्यंत फाटू शकतं, क्वचित गर्भपिशवीही. सरसकट सगळ्यांना काप देऊन टाके घालायची पद्धतही गरजेची नाही.

बाळ बाहेर आल्यावर मिनिटाभरात आईला ऑक्सिटोसिनचं १० युनिटचं इंजेक्शन मिळायला हवं. बाळ कोरडं पुसून तिच्या उघड्या छातीवर, नाळ एक ते तीन मिनिटांनी कापायची आणि तासाच्या आत चीक पाजायचा. मध, गुटी, साखरपाणी काही नाही; तुझ्या सासूबाईंना आधीच सांगून ठेव. त्याच दिवशी व्हिटॅमिन केचं इंजेक्शन आणि बीसीजी, पोलिओ, हिपॅटायटिस बीचे डोस झाले का, कार्डावर बघ. आंघोळ दुसऱ्या दिवशी.

खरा धोका पुढच्या दोन तासांत. गर्दीच्या वॉर्डात सगळ्यांचं लक्ष बाळाकडे जातं आणि बाळंतीण एकटी पडते. दर पंधरा मिनिटांनी नाडी, बीपी आणि रक्तस्राव बघायला हवा. बेंबीजवळ तळहात ठेवलास की गर्भपिशवी नारळासारखी टणक लागली पाहिजे. मऊ लागली किंवा पाच मिनिटांत पॅड पूर्ण भिजला, तर लगेच सिस्टरला हाक मार. लघवी तुंबली असली तरी पिशवी आवळत नाही, म्हणून तिला वेळेवर लघवीला बसव.

सरकारीत गेलात तर जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात (२०११ पासून) औषधं, तपासण्या, रक्त, सिझर, जेवण आणि घरी सोडायची गाडी, सगळं मोफत आहे. बाहेरून औषध आणायची चिठ्ठी हातात दिली, तर या कार्यक्रमाचं नाव घेऊन वैद्यकीय अधीक्षकांना भेट. नॉर्मल झाली तरी ४८ तासांच्या आत घरी जायची घाई करू नका. खाजगीत मात्र बिलात काय-काय धरलंय ते आधी लिहून घे. बाळाच्या डॉक्टरांची फी आणि काचेच्या पेटीचा खर्च बहुतेक वेळा वेगळा लागतो.

फाइलमध्ये रक्तगट, हिमोग्लोबिन आणि शेवटची सोनोग्राफी वर ठेव. हिमोग्लोबिन ११ च्या खाली असेल तर आत्ताच दाखव, कळा सुरू झाल्यावर ते वाढवायला वेळ नसतो.

तुझी,
शैला