पंचेचाळीसचा ‘कुठलाही साचा’ चालत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत अमेरिकेतल्या पिस्तूल नेमबाजीवर आलेला लेख इथे ओहायोत बसून वाचला. घरी काडतुसे भरणाऱ्या हौशी नेमबाजांविषयी त्यात लिहिले आहे की, पंचेचाळीसचा, म्हणजे सुमारे .४५ इंच जाडीच्या गोळीचा, कुठलाही साचा आणायचा, शिसे वितळवून ओतायचे आणि गोळ्या तयार. हे चूक आहे, आणि धोक्याचेही आहे. माझ्या वडिलांची कोल्हापुरात उद्यमनगरात ओतशाळा होती. मी गेली अकरा वर्षे इथल्या क्लबात बुल्सआय, म्हणजे कागदी लक्ष्यावरच्या पिस्तूल नेमबाजीच्या, स्पर्धा खेळते आणि माझ्या .४५ एसीपी पिस्तुलाच्या गोळ्या स्वतः ओतते. म्हणून हे पत्र.

‘पंचेचाळीस’ या एका नावाखाली साच्यांच्या कॅटलॉगात तीन निरनिराळ्या वस्तू असतात. एक .४५ एसीपी, म्हणजे अर्ध-स्वयंचलित पिस्तुलाची गोळी. दुसरी .४५ कोल्ट या रिव्हॉल्व्हरची, बहुधा २५० ग्रेनच्या (ग्रेन हे गोळीच्या वजनाचे माप) आसपासची. तिसरी .४५-७० रायफलची, जिचा व्यास .४५८ इंचाच्या घरात जातो. रिव्हॉल्व्हरच्या गोळीला कडेने खोल खाच असते, पुंगळीचे तोंड त्या खाचेत वळवून बसवण्यासाठी. एसीपीची पुंगळी मात्र चेंबरमध्ये स्वतःच्या तोंडाच्या कडेवर टेकते. ती कड आत वळवली तर टेकायला जागाच उरत नाही. आणि जड, लांब गोळी त्या आखूड पुंगळीत खोल दाबली तर दारूला जागा कमी पडून दाब भलताच चढतो. आता सांगा, ‘कुठलाही’ कसा चालेल?

माझी पहिली चूक याहून लहान होती, पण अख्खा एक उन्हाळा तिच्यात गेला. जुन्या सामानाच्या विक्रीत मला २०० ग्रेनचा अ‍ॅल्युमिनियमचा साचा स्वस्तात मिळाला. गोळी खांदेवाली होती, कागदावर सुबक गोल भोक पाडणारी. बुल्सआयमध्ये भोकाची कड वर्तुळाच्या रेषेला टेकली तर वरचे गुण मिळतात, म्हणून ही घडण आमच्यात लाडकी. पण माझ्या साच्यातल्या गोळीचे नाक आखूड होते. मॅगझिनमधून निघालेली गोळी नळीच्या तोंडाशी असलेल्या उतारावर नाकाने टेकायच्या आधीच खांद्याने अडायची. रॅपिड फायरमध्ये १० सेकंदांत ५ गोळ्या झाडायच्या असतात. तिसऱ्या गोळीला पिस्तूल अडकले की पुढच्या दोन गेल्याच.

जुन्या नेमबाजांकडे हेन्सली अँड गिब्जच्या ६८ क्रमांकाच्या साच्याचे नाव इतक्या आदराने का घेतात, ते मला तेव्हा कळले. त्यातली गोळीही २०० ग्रेनची खांदेवालीच, पण नाक लांब. लष्करी गोल नाकाची गोळी उतारावर जिथे टेकते, जवळपास तिथेच हेही नाक टेकते. ती कंपनी आता नाही, पण त्या घडणीचे साचे इतर कारखाने अजून काढतात. मी शेवटी तसाच घेतला. ज्याला कागदावरच्या भोकापेक्षा बिनअडथळा चालणे महत्त्वाचे, त्याने सरळ गोल नाकाची गोळी निवडावी. ९ मिलिमीटरवाल्यांना बोथट शंकूची घडण सहसा मानवते.

पण घडणीच्याही आधी नळी मोजावी लागते. पिस्तूल रिकामे करून, खोलून, नळी बाहेर काढायची. मऊ शिशाचा तुकडा लाकडी दांड्याने तिच्यातून हलके ठोकत पार करायचा आणि मायक्रोमीटर लावायचा. गोळी त्या मापापेक्षा साधारण एक हजारांश इंचाने जाड हवी, उद्यमनगरात लेथवर ज्याला ‘एक थाऊ’ म्हणतात तेवढी. म्हणजे सुमारे ०.०२५ मिलिमीटर. बारीक गोळीच्या कडेने तप्त वायू निसटतो, शिसे वितळवतो आणि नळीच्या आट्यांत थापून टाकतो. मग तास तासभर घासत बसा. साच्यावर .४५२ कोरले आहे म्हणून गोळी .४५२ ची पडेलच असेही नाही. शुद्ध शिसे थंड होताना जास्त आकसते, अँटिमनी हा कडक धातू मिसळलेले कमी. मिश्रण बदलले की माप बदलते, हे वडिलांच्या ओतशाळेत वाढलेल्या मला कुणी वेगळे शिकवावे लागले नाही.

साचा कशाचा घ्यावा यावर इथे वाद रंगतात. अ‍ॅल्युमिनियमचा लवकर तापतो, हलका आणि स्वस्त, पण निष्काळजी हातात लवकर झिजतो. लोखंडी साचा वर्षानुवर्षे टिकतो, मात्र तेल न लावता ठेवला तर गंजतो. पितळी उत्तम, पण मनगट भरून येते. आमच्या पूर्ण स्पर्धेत २७० गोळ्या झाडतात, त्यांतल्या ९० पॉइंट टू-टूच्या. उरलेल्या १८० मी .४५ नेच झाडते, म्हणून मला सहा घरांचा, एका वेळी सहा गोळ्या ओतणारा साचा परवडतो. महिन्याला पन्नास झाडणाऱ्याला दोन घरे पुष्कळ. तळ मात्र सपाटच घ्यावा असे माझे ठाम मत आहे. नाकावर बारीकशी सुरकुती असली तरी गोळी नीट जाते. तळाची कड जराशी अपुरी भरली तर नेम फिस्कटतो, कारण नळी सोडताना वायूचा शेवटचा धक्का तळालाच बसतो. माझी ओतलेली प्रत्येक गोळी मी तळ वर करून पाहते.

हे सगळे इथे स्वतःच्या वापरापुरते कायदेशीर आहे. भारतात नाही. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ प्रमाणे परवान्याशिवाय दारूगोळा बनवणे गुन्हा आहे. आपल्या लेखात याचा एका शब्दानेही उल्लेख नाही. तेजस्विनी सावंत, राही सरनोबत आणि २०२४ साली पॅरिसहून कांस्यपदक आणणारा स्वप्नील कुसाळे यांच्या जिल्ह्यात किती मुले रेंजवर जातात, हे आपल्याला माहीत आहे. ती हेच वृत्तपत्र वाचतात. त्यांच्या खेळाला या खटाटोपाची गरजही नाही. एअर पिस्तुलाचे छर्रे तयार मिळतात. .२२ च्या काडतुसात पेट घेणारा मसाला पुंगळीच्या काठातच असतो, त्यामुळे ते पुन्हा भरताच येत नाही.

आणि शिसे विषारी आहे, याचाही लेखात उल्लेख नाही. वितळलेल्या शिशात पाण्याचा एक थेंब पडला तर वाफेच्या स्फोटाने सगळे अंगावर उडते. मी चष्मा, चामडी हातमोजे आणि उघडे शेड यांशिवाय भट्टी पेटवत नाही, नातवंडांना त्या बाजूला फिरकू देत नाही आणि दरवर्षी रक्तातले शिसे तपासून घेते. आपल्या मुलांच्या छर्ऱ्यांतही शिसेच असते. गेल्या दिवाळीत कोल्हापूरला आले तेव्हा एका रेंजवर दहा-अकरा वर्षांच्या मुलीला छर्रे हाताळून त्याच बोटांनी चिवडा खाताना पाहिले. नळ अंगणाच्या पार पलीकडे होता आणि तिथे साबण नव्हता.

लेखातले ते वाक्य दुरुस्त करून छापावे, आणि त्याच चौकटीत रेंज चालवणाऱ्यांसाठी दारालगत नळ आणि साबण ठेवण्याची विनंतीही छापावी.

आपली,
एक जुनी वाचक
(मूळ कोल्हापूर, सध्या ओहायो, अमेरिका)