तक्रार: कोर्स-बाय-कोर्स अहवालातील चुका आणि फोनवर मिळालेली उत्तरे

प्रति,
व्यवस्थापक, मूल्यांकन विभाग

आज दुपारी तुमच्या हेल्पलाइनवरचा मुलगा "मॅडम, यात आता काही होणार नाही" म्हणाला आणि त्याने फोन ठेवला. माझ्या मुलीच्या गुणपत्रिकांचा तुम्ही अमेरिकेतल्या विद्यापीठासाठी जो मूल्यांकन अहवाल केला, त्यातल्या चुकांबद्दल मी विचारत होते. म्हणून हे पत्र. फाइल क्रमांक ईमेलच्या विषयात आहे, सगळी कागदपत्रं तुमच्याकडेच आहेत. तेव्हा मला पुन्हा पहिल्यापासून गोष्ट सांगायला लावू नका.

माझ्या मुलीने नाशिकमध्ये पुणे विद्यापीठाच्या २०१९ पॅटर्नने (अभ्यासक्रमाने) मेकॅनिकल इंजिनिअरिंगची दोन वर्षं केली, एकही विषय मागे न ठेवता. आता ती अमेरिकेतल्या एका सरकारी विद्यापीठात ट्रान्सफर घेते आहे. तिकडे पदवीला साधारण १२० क्रेडिट लागतात. त्यातले आधीचे किती धरायचे हे विद्यापीठ ठरवतं आणि ठरवताना तुमचा अहवाल समोर ठेवतं. अमेरिकेचं शिक्षण खातं परदेशी गुणपत्रिका स्वतः तपासत नाही, ते काम विद्यापीठांवर आणि तुमच्यासारख्या खासगी संस्थांवर सोडलेलं आहे. म्हणून तर आम्ही तुमच्याकडे आलो. साधा अहवाल नको, प्रत्येक विषय वेगळा तपासणारा कोर्स-बाय-कोर्स हवा, म्हणून जास्तीचे पैसे भरले. अभ्यासक्रमाची प्रत कॉलेजकडून पानापानावर शिक्का मारून घेतली आणि पाठवली.

ती प्रत तुमच्याकडे कोणी उघडली तरी का?

गणितापासून सुरू करते, कारण सगळं तिथेच अडलं आहे. तुमच्या अहवालात एम-१, एम-२ आणि एम-३ हे इंजिनिअरिंग मॅथेमॅटिक्सचे तीन पेपर एका ओळीत "सामान्य गणित, प्राथमिक स्तर" म्हणून कोंबले आहेत. मी कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवते. अमेरिकेत कॅल्क्युलस थ्री म्हणून जो कोर्स असतो तो आमच्याकडे या तीन पेपरांत वाटलेला आहे. आंशिक अवकलन एम-१ मध्ये, बहुल समाकलन (मल्टिपल इंटिग्रल्स) एम-२ मध्ये, ग्रीन-गाउस-स्टोक्सपर्यंतचं व्हेक्टर कॅल्क्युलस एम-३ मध्ये. डिफरन्शियल इक्वेशन्सचंही तसंच आहे. पहिल्या कोटीची समीकरणं एम-२ ला, उच्च कोटीची रेषीय समीकरणं आणि लाप्लास एम-३ ला. तिन्ही पेपरांची पानं शेजारी शेजारी ठेवली की अर्ध्या तासात कळतं. ती पानं शेजारी ठेवण्याचेच पैसे आम्ही तुम्हाला दिले होते.

फोनवर हेच मी सांगितलं. अगदी शांतपणे, युनिट क्रमांकासह. पलीकडून उत्तर आलं, "पण मॅडम, पेपरच्या नावात कॅल्क्युलस कुठे आहे?"

मी म्हटलं, नाव इंजिनिअरिंग मॅथेमॅटिक्स आहे, आतलं बघा. तो म्हणाला, सिस्टीममध्ये नाव टाकलं की जे येतं तेच येतं. मी म्हटलं, मग अभ्यासक्रमाची प्रत कशाला मागवली? तो थोडा थांबला आणि म्हणाला, "ती प्रोसेस आहे." मी विचारलं, ज्याने हा अहवाल केला त्याच्याशी बोलता येईल का? तर म्हणे मूल्यांकन करणारे ग्राहकांशी बोलत नाहीत. मग मी त्याला एम-३ चं पान उघडायला सांगितलं, म्हटलं मी वाचून दाखवते, तुम्ही फक्त बघा. त्यावर तो जे बोलला ते शब्द न् शब्द लिहिते आहे: "मॅडम, इंडियात हे सगळं पाठांतरच असतं, डेप्थ नसते. तुमच्या मुलीने तिकडे परत केलं तर तिचंच बेसिक पक्कं होईल ना."

वर्गात फळ्यासमोर माझी पंचवीसेक वर्षं गेली. एम-३ चा पेपर द्यायला माझी मुलगी ताप अंगात घेऊन गेली होती आणि चांगल्या गुणांनी पास झाली. भारतातल्याच एका कार्यालयात बसून, ज्याने तिचा अभ्यासक्रम उघडूनही पाहिला नाही, त्याने मला हे ऐकवावं? हे रेकॉर्डिंग तुमच्याकडे आहे, कॉलच्या सुरुवातीला तुम्हीच तसं सांगता. ते काढा आणि स्वतः ऐका.

आता ग्रेड. तिच्या गुणपत्रिकेत बऱ्याच विषयांना बी-प्लस आहे, म्हणजे दहापैकी सात ग्रेड पॉइंट. आमच्याकडे साठ टक्क्यांना फर्स्ट क्लास मिळतो आणि यूजीसीच्या तक्त्यात बी-प्लसपुढे "गुड" असं लिहिलेलं आहे. तुमच्या माणसाने साताला दहाने गुणलं, सत्तर काढले आणि ते अमेरिकी टक्क्यांच्या पट्टीवर लावून सी-मायनस दिला. बहुतेक अमेरिकी विद्यापीठं ट्रान्सफरसाठी किमान सी मागतात. म्हणजे फर्स्ट क्लासमध्ये पास झालेले विषय तुमच्या एका गुणाकाराने बाद झाले. दोन देशांच्या पट्ट्या वेगळ्या आहेत, हे समजावून सांगणं हाच तुमचा धंदा आहे. ते मी तुम्हाला समजावून सांगते आहे.

फिजिक्सचं प्रॅक्टिकल थिअरीत मिसळून नाहीसं केलं आहे. तिकडे लॅबसह फिजिक्स लागतं. हेही दुरुस्त करा.

तुमचं ठरलेलं वाक्य मला माहीत आहे, "अंतिम निर्णय विद्यापीठाचा असतो." असतो, मान्य. पण तिथल्या रजिस्ट्रार कार्यालयाने आम्हाला स्पष्ट लिहिलं आहे की मूल्यांकन संस्थेकडून सुधारित अहवाल आला तरच प्रकरण त्यांच्या विषयविभागाकडे जाईल. ते तुमच्याकडे बोट दाखवतात, तुम्ही त्यांच्याकडे. या टोलवाटोलवीत डिफरन्शियल इक्वेशन्स धरलं गेलं नाही तर सिस्टीम डायनॅमिक्सला आणि व्हायब्रेशन्सला नाव घालता येत नाही, आणि त्यांच्या पुढचे विषय त्यांच्यावर टांगलेले. तिथे काही विषय वर्षातून एकाच सेमिस्टरला असतात. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर तिला दर सेमिस्टरला किमान बारा क्रेडिट घ्यावेच लागतात, मग पात्र विषय नसले तरी काहीतरी भरून पैसे मोजायचे. एक संपूर्ण वर्ष वाढतं. त्या वर्षाची फी, खोलीचं भाडं, विमा हे आम्ही कर्ज काढून भरणार आहोत. तुमच्या सिस्टीमला नावात कॅल्क्युलस दिसलं नाही म्हणून.

तुमचं नाव मला माझ्याच एका माजी विद्यार्थिनीने सुचवलं होतं. तिचं काम तुम्ही चोख केलं होतं, प्रत्येक विषयापुढे तपशील होता. त्याच विश्वासाने आले. इतकं वाईट वाटतंय ते त्यामुळेच.

मला माफीचं छापील पत्र नको. एम-१, एम-२, एम-३ अभ्यासक्रम उघडून, युनिटनिहाय तपासायचे. ग्रेड गुणपत्रिकेवरच्या तक्त्याप्रमाणे लावायचे. फिजिक्सची लॅब वेगळी दाखवायची. सुधारित अहवाल थेट विद्यापीठाला जायला हवा, आणि पुनर्तपासणीचे पैसे मागायचे नाहीत, कारण चूक तुमची आहे. एम-३ कोणी तपासला, त्या व्यक्तीची पात्रता काय, हेही मला लेखी हवं आहे.

पंधरा दिवसांत हे झालं नाही तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली सेवेतील त्रुटीची तक्रार नाशिकच्या जिल्हा आयोगात दाखल करीन. तक्रारदार राहतो तिथल्या आयोगात जाता येतं, भरलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्कही नाही, तेव्हा "आमचं मुख्य कार्यालय अमेरिकेत आहे" हे उत्तर तयार ठेवू नका. नेसेस (NACES) या अमेरिकेतल्या मूल्यांकन संस्थांच्या संघटनेचं सदस्यत्व तुम्ही संकेतस्थळावर मिरवता. गुणपत्रिका, अभ्यासक्रम आणि तुमचा अहवाल असे तिन्ही कागद एकत्र करून त्यांनाही पाठवीन.

तिच्या विषयनोंदणीची मुदत जवळ आली आहे. उत्तर ईमेलवर द्या, हेल्पलाइनवर मी पुन्हा फोन करणार नाही.

एक पालक,
नाशिक

सोबत: एम-१, एम-२, एम-३ च्या अभ्यासक्रमाची पानं, संबंधित युनिटवर खुणा करून. पुन्हा पाठवते आहे.