काठीचा आवाजही पाहा

संपादक महोदय,

रविवारच्या पुरवणीतला ट्रेकिंग पोलवरचा, म्हणजे डोंगर चढता-उतरताना हातात धरायच्या काठीवरचा लेख वाचला. सगळा भर वजनावर: किती ग्रॅमचा, घडी घालून सॅकमध्ये मावतो का. काठी वाजते किती, हे मात्र कुठेच नाही.

मी बव्हेरियात, आल्प्सच्या पायथ्याशी राहते. शेजारचे आजोबा परवानाधारक शिकारी. ‘गाम्स’ म्हणजे कड्याकपारीत चरणारं, आकड्यासारख्या शिंगांचं जनावर. त्याच्या मागावर निघाले की कधीकधी मलाही दुर्बीण घेऊन चल म्हणतात. मला शिकारीत रस नाही. पण आवाज न करता चालायला काठी कशी असावी, हे या मंडळींना विचारावं.

त्यांची काठी हेझलनटच्या झाडाची, डोक्याच्याही वर जाणारी, खाली लोखंडी टोक. इथे तिला बेर्गश्टॉक म्हणतात. हिवाळ्यात झाडात रस कमी असताना तोडायची नि सावकाश वाळू द्यायची. उतरताना ती पुढे टेकवत नाहीत. दोन्ही हातांनी अंगाला तिरकी धरून टोक मागे, चढाच्या बाजूला रोवायचं आणि तिच्यावर रेलत खाली सरकायचं, ब्रेकच तो. नेम धरताना बंदुकीला टेकूही तीच.

माझा ॲल्युमिनियमचा पोल बघून आजोबा नुसते हसले. पोकळ नळी ती. कार्बाइडचं, म्हणजे अतिकठीण मिश्रणाचं टोक दगडावर पडलं की मुठीपर्यंत खणखणते. आत धक्के शोषणारी (शॉक-ॲब्सॉर्बर) स्प्रिंग असेल तर तिची कुरकुर वेगळी. भरीव लाकूड ‘टक्’ करून गप्प बसतं. कार्बन फायबरचा पोल हलका खरा, पण दगडांच्या फटीत अडकून आडवा ताण बसला की तडकतो. ॲल्युमिनियम बहुधा आधी वाकतं, घरी तरी पोचवतं. पोलच घ्यायचा तर स्प्रिंगशिवायचा घ्यावा आणि टोकाला रबरी टोपण लावावं. चिखलात, शेवाळावर रबर सटकतं. तिथे ते काढून खिशात टाकावं.

आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्याने (१९७२) शिकारीला बंदी आहे, ती असावीच. पण भीमाशंकरला शेकरू बघायला जायचं आणि वाटभर खणखणाट करायचा, याला काय म्हणावं? कोकणातला माणगा बांबू जवळजवळ भरीव असतो, चिवट असतो आणि पोलच्या मानाने फुकटच. पुढच्या लेखात एक फोटो त्याचाही छापा.

– एक वाचक, गार्मिश-पार्टेनकिर्शेन, जर्मनी