उसाची नोंद असते, ओढ्याची का नसते?

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

बारावीच्या निकालानंतर आपल्या दैनिकाने काढलेली करिअर पुरवणी मी पहिल्या पानापासून शेवटच्या क्लासच्या जाहिरातीपर्यंत वाचली. अभियांत्रिकीला दोन पाने, स्पर्धा परीक्षांना एक पान, हॉटेल व्यवस्थापनालाही अर्धे पान. पर्यावरणाला चार ओळी, आणि त्यातून हाती काय लागले तर ‘निसर्गाची आवड असणाऱ्यांना उत्तम संधी’. अशी आवड असणाऱ्या एका मुलीचा मी बाप आहे. ती संधी नेमकी कुठे दडून बसली आहे, हे आम्ही घरात तीन वर्षे शोधतो आहोत.

मी साखर कारखान्याच्या शेती विभागात ३४ वर्षे काढली. चिटबॉय म्हणून, म्हणजे तोडीच्या चिठ्ठ्या वाटणारा पोऱ्या म्हणून लागलो आणि गट ऑफिसात ओव्हरसिअर म्हणून निवृत्त झालो. पर्यावरणातले मला फार कळते असा दावा नाही. पण कार्यक्रम कसा चालवतात ते मला कळते. उसाची लागण झाली की आमच्याकडे नोंद यायची. शेतकऱ्याचे नाव, गट नंबर, क्षेत्र, लागणीची तारीख, उसाची जात ८६०३२ आहे की २६५. आडसाली ऊस असेल तर त्या नोंदीवर पुढे दीड वर्ष नजर ठेवायची. तोडणीची टोळी कधी पाठवायची, ट्रॅक्टर कुठल्या पाणंदीतून जाईल, वाटेत कुणाचा बांध आहे आणि तो भांडेल का, हे सगळे डोक्यात असायचे. तोड लांबली म्हणून माझी कॉलर धरणारे शेतकरीही होते आणि पुढच्या हंगामात चहाला बोलावणारेही तेच. साहेब बदलले, संचालक मंडळ बदलले, नोंदवही बदलली नाही. कारण ती सांभाळायला माणूस होता, त्याला पगार होता, पीएफ होता.

मुलगी शिवाजी विद्यापीठातून पर्यावरणशास्त्रात एम.एस्सी. झाली. पेढे वाटायला गेलो तर शेजारच्या काकी म्हणाल्या, “म्हंजे आता झाडं लावती व्हय पोरगी?” हसण्यावारी नेले, पण खरे सांगायचे तर मलाही तेव्हा याहून जास्त ठाऊक नव्हते. पुढे एका संस्थेच्या प्रकल्पावर ती राधानगरीकडच्या भागात रुजू झाली. काम होते गावातल्या देवराया, झरे आणि ओढे यांची नोंद करून त्यांच्या राखणीचा आराखडा गावाकडूनच तयार करून घेण्याचे. ऐकायला गोड. पहिल्या ग्रामसभेत तिने विषय मांडला आणि मागून प्रश्न आला, “गव्यानं भात खाल्लं, त्याची भरपाई कवा मिळणार ते सांगा आधी.”

तिथे तिच्या प्रकल्प अहवालात या प्रश्नाला जागा नव्हती. तरी तिने तीन रविवार बसून लोकांचे भरपाईचे अर्ज भरले, सातबारे जोडले, वन खात्याच्या ऑफिसात दोनदा जाऊन आली. चौथ्या आठवड्यात एक म्हातारी तिचा हात धरून रानात घेऊन गेली आणि मे महिन्यातही न आटणारा झरा दाखवला. त्या झऱ्याला नाव आहे, त्याच्या काठची कुठली झाडे तोडायची नाहीत याचे पिढीजात नियम आहेत, आणि यातले काहीच सरकारी कागदावर नाही. त्या रात्री फोनवर ती मला म्हणाली, “आबा, मी तुमचंच काम करते. फक्त ऊस नाही एवढंच.”

अकरा महिन्यांनी करार संपला. मिळत होते ते मानधन. त्यात मान किती आणि धन किती हे विचारू नका. नोंदवह्या संस्थेच्या कपाटात गेल्या. वर्षभराने दुसऱ्या प्रकल्पावर दुसरा मुलगा त्याच गावात गेला आणि लोकांनी त्यालाही विचारले, गव्याच्या भरपाईचे काय? म्हणजे पुन्हा पहिल्यापासून. कारखान्यात दर हंगामाला नोंदवही जाळून नव्याने लिहिली असती, तर उसाचा एक तरी फड वेळेत तुटला असता का?

माझे म्हणणे एवढेच आहे. कोल्हापूर जिल्ह्यात निसर्गरक्षणाची कामे ढिगाने आहेत, हौशी माणसेही आहेत. ही कामे वर्षानुवर्षे चालवणाऱ्या माणसाची जागा तेवढी नाही. आणि जागाच नसेल तर पुरवणीत चार ओळींच्या चाळीस ओळी केल्या तरी काय उपयोग?

कामे किती, ते बघा. दाजीपूरचे अभयारण्य १९५८ चे, राज्यातले पहिले. तेच आज राधानगरी अभयारण्य म्हणून ३५१ चौरस किलोमीटरचे आहे आणि २०१२ पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात त्याचे नाव आहे. चंदगड-आजऱ्यात या शतकाच्या सुरुवातीपासून कर्नाटकातून हत्ती येतात; तिथला शेतकरी रात्रभर मचाणावर जागतो. इकडे प्रयाग चिखलीपासून नृसिंहवाडीपर्यंत सुमारे ८० किलोमीटर वाहणारी पंचगंगा. उन्हाळ्यात इचलकरंजीकडे गेलात तर नदी आहे की जलपर्णीचे कुरण ते ओळखू येत नाही, आणि तेरवाड बंधाऱ्यावर मेलेल्या माशांचा खच आपल्याच दैनिकात फोटोसह छापून येतो.

नदीवरून एक गोष्ट सांगतो. मी शुक्रवार पेठेत राहतो. २०१९ च्या महापुरात आमच्या तळमजल्यात पाणी होते, २०२१ ला उंबऱ्याशी येऊन थांबले. पावसाळ्यात आमच्या गल्लीतले शेंबडे पोरही सांगेल की राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट म्हणजे इशारा आणि ४३ फूट म्हणजे धोका. का? कारण ती पातळी बघणारा, लिहिणारा आणि कळवणारा माणूस नेमलेला आहे, आणि तो आकडा तासातासाला आमच्या मोबाईलवर येतो. आता मला सांगा, एप्रिलमध्ये त्याच पाण्यात विरघळलेला, माशांना जगवणारा प्राणवायू किती असतो, हे किती जणांच्या तोंडी आहे? प्रदूषण मंडळ नमुने घेते, अहवालही काढते. पण तो आकडा गल्लीत आणणारे कुणी नाही. नाल्यात मैला सोडणाऱ्याला, मळीचे पाणी सोडणाऱ्याला आणि नदीत गाड्या धुणाऱ्याला एका टेबलाशी बसवणारे कुणी नाही. हे काम शास्त्रज्ञाचे नाही, कार्यकर्त्याचेही नाही. दोघांची भाषा येणाऱ्या तिसऱ्या माणसाचे आहे. माझी मुलगी ते शिकली आहे.

हे जमत नाही असे नाही. घरगुती गणपती नदीत न सोडता काहिलीत विसर्जित करायचे, हे आमच्या लहानपणी कुणी बोलले असते तर त्यालाच पंचगंगेत बुडवले असते. आज गुळाच्या काहिली फुलांनी सजवून गल्लोगल्ली ठेवतात आणि मोठ्या मूर्ती इराणी खण या जुन्या दगडखाणीच्या पाण्यात जातात. हा बदल एका वर्षात झाला नाही. तरुण मंडळे, शाळा, महापालिका आणि काही चिवट माणसे वर्षानुवर्षे मागे लागली तेव्हा झाला. त्या चिवट माणसांतली बहुतेक आपापली नोकरी सांभाळून हे करत होती. हौसेवर दहा दिवसांचा उत्सव पेलतो. नदीचे वर्ष ३६५ दिवसांचे असते.

मुलांना सांगण्यासारखे रस्ते आहेत, तेही पुरवणीत यायला हवे होते. यूपीएससीतून भारतीय वन सेवा आहे. पूर्वपरीक्षा नागरी सेवेबरोबर, मुख्य परीक्षा वेगळी, आणि त्यासाठी विज्ञान, कृषी, अभियांत्रिकी, पशुवैद्यक अशीच पदवी लागते. कला शाखेची पोरे वर्षभर क्लास लावून मग हे शोधतात, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. एमपीएससीतून सहायक वनसंरक्षक आणि वनक्षेत्रपाल होता येते. डेहराडूनला भारतीय वन्यजीव संस्था आहे, भोपाळला भारतीय वन व्यवस्थापन संस्था आहे. या दुसऱ्या नावातला ‘व्यवस्थापन’ हा शब्द पालकांनी नीट वाचावा, कारण पुढारपण करायचे असेल तर पक्ष्यांची नावे पाठ असून भागत नाही. पैशाचा हिशेब, माणसांची वाटणी आणि सातबारा वाचता येणे लागते. आपल्या घाटातले कितीतरी रान खासगी मालकीचे आहे. सातबारा वाचता येत नाही आणि जंगल वाचवायला निघाले, अशी पुण्या-मुंबईची मंडळी मी बघितली आहेत. (आमच्या कन्येलाही पहिल्यांदा फेरफार मीच समजावून सांगितला, हे ती नाकारत नाही.)

मात्र सरकारी वन खात्यातला अधिकारी तीन वर्षांनी बदलतो आणि त्याच्याकडे वणव्यापासून अतिक्रमणापर्यंत शंभर कामे असतात. म्हणून माझा रोख दुसऱ्या जागांवर आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक स्थानिक स्वराज्य संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही, म्हणजे गावातल्या झाडा-प्राण्यांची आणि त्यांच्याविषयी लोकांना असलेल्या माहितीची वही, ठरवून दिली आहे. आपल्या जिल्ह्यात ग्रामपंचायती हजारावर आहेत. एवढ्या वह्या लिहायच्या, दरवर्षी ताज्या ठेवायच्या आणि त्यातून गावाचा कार्यक्रम काढायचा, हे ग्रामसेवकाने जन्म-मृत्यूच्या दाखल्यांतून वेळ काढून करावे अशी आपली अपेक्षा आहे. म्हणून बहुतेक ठिकाणी वही एकदा कुणाकडून तरी लिहून घेतात आणि कपाट बंद. जिल्ह्यात तालुके १२. तालुक्याला एक असे १२ पूर्णवेळ समन्वयक नेमा, किमान पाच वर्षांसाठी, पगारावर. त्यांच्यावर जिल्ह्याला एक अनुभवी प्रमुख. झाली तेरा माणसे. एका गट ऑफिसात आमच्याकडे याहून जास्त असायची.

पैसा कुठून, असे विचाराल. २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार ठरावीक नफ्यापुढच्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे २ टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात, आणि त्या कामांच्या यादीत पर्यावरण आहे. गोकुळ शिरगाव, शिरोली, कागलच्या वसाहतींत कंपन्या आहेतच. त्यांनी एक वर्ष रोपे, टोप्या आणि फलक यांऐवजी माणसाचा पगार द्यावा. सहकारी साखर कारखान्याला हा कायदा लागत नाही, तो कंपनी नव्हे. पण ज्या नदीचे पाणी उचलून ऊस पिकतो त्या नदीचे देणे लागत नाही असे कोण म्हणेल? जिल्ह्याचे गाळप एक कोटी टन धरा आणि टनामागे ५० पैसे बाजूला काढा. ५० लाख होतात. महिना तीस हजारांनी १२ जणांचा वर्षाचा पगार ४३ लाख २० हजार. उरलेल्यात प्रमुखाचे भागते. फिरतीचे पेट्रोल कंपन्यांनी घालावे. बिलात आणखी एक कपात सुचवली म्हणून शेतकरी मला शिव्या घालतील. खाईन, सवय आहे.

आपल्याकडे मागणे मोठे नाही. पुढच्या जूनच्या पुरवणीत या क्षेत्राला एक पान द्या आणि त्यात वाघाचा फोटो छापू नका. त्याऐवजी हे काम करणाऱ्या तिघांना विचारा, तुमचा करार किती महिन्यांचा आहे. आणि जिल्हा परिषदेला विचारा, जैवविविधतेच्या नोंदवह्या कुठल्या कपाटात आहेत आणि किल्ली कुणाकडे आहे.

मुलीला बेंगळुरूच्या एका संस्थेचे बोलावणे आले आहे. पुढच्या सोमवारी मुलाखत. काल रात्री बॅग भरता भरता तिने विचारले, “आबा, इथलं काही निघतंय का हो?” मी म्हटले, बघतो. आणि हे पत्र लिहायला बसलो.

आपला,
एक निवृत्त ऊस ओव्हरसिअर
शुक्रवार पेठ, कोल्हापूर

(पोरीला अजून नोकरी मिळवायची आहे, त्यामुळे नाव छापू नये ही विनंती.)