पालघटच्या चौकाखाली कचऱ्याची सूचना

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीतला आदिवासी चित्रकलेवरचा लेख वाचला. आदिवासी चित्रकारांनी मोर, झाडे, नाच रंगवावेत; मोर्चे, रेल्वे, धरणे आली की कलेतला निरागसपणा जातो, असा त्याचा सूर आहे. तो अजिबात पटला नाही. त्यातून दाखला वारली चित्रांचा दिलाय, म्हणून तर लिहायलाच बसलो.

वारल्यांचा लग्नातला चौक, म्हणजे लग्नघराच्या भिंतीवर काढायचे देवीचे चौकोनी चित्र घ्या. कारवीचा कूड शेणमातीने लिंपायचा, त्यावर गेरूचा हात द्यायचा, तांदळाचे पीठ पाण्यात कालवायचे, बांबूची काडी टोकाला चावून तिची कुंचली करायची आणि सवाशिणींनी चौक लिहायचा. मध्ये पालघट देवी. धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी बाई, गाणी म्हणते. आणि याच लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी नवरा-बायको दोघेही जमीनदाराच्या दारात लग्नगडी म्हणून राबत. १९४५ मध्ये गोदावरी परुळेकर आणि किसान सभेच्या पुढाकाराने डहाणू-तलासरी भागात वारली उठले ते या लग्नगडी पद्धतीविरुद्ध आणि वेठीविरुद्ध. सामाजिक प्रश्न या चित्रांत काल-परवा घुसले असे ज्यांना वाटते, त्यांनी हा इतिहास एकदा वाचावा.

आजही तेच आहे. कुडाच्या जागी सिमेंटची घरे आली. गुळगुळीत गिलाव्यावर शेण-गेरू धरत नाही, वाळला की पापुद्रे सुटतात. जिव्या सोमा मशे यांनी १९७० च्या दशकात ही कला कागद-कापडावर जगभर नेली, २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, हे सगळे सांगतात. पण कागदावर नुसते पीठ टिकत नाही, त्यात डिंक घालावा लागतो. डिंक कमी पडला तर गुंडाळताना भुकटी झडते, जास्त झाला तर रेघ तडकते. हा सगळा खटाटोप करणाऱ्याच्या तालुक्यात वाढवणचे बंदर येतेय, पालघर जिल्ह्यातून बुलेट ट्रेनचा मार्ग जातोय. त्याने ते काढायचे नाही, फक्त मोर काढायचे, हे आपण सोलापुरात बसून ठरवायचे?

दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या परधान गोंड दांपत्याने बाबासाहेबांचे आयुष्य चित्रांत मांडले, ते पुस्तक २०११ मध्ये आले. पानांवर ठरावीक चौकोन नाहीत, घराच्या भिंतीवरच्या दिग्नाच्या नक्षीने प्रसंग वेगळे केलेत. साध्या माणसाचे बोलणे पक्ष्याच्या आकारात, जातीवरून हिणवणाऱ्याच्या बोलण्याला विंचवाची नांगी. प्रश्न अंगावर घेतला म्हणून तर हे सुचले. यात शैलीचे काय बिघडले ते लेखकाने दाखवून द्यावे.

आता त्या भिंतीविषयी. मुख्य रस्त्यालगतची जी रंगवलेली भिंत लेखकाने ‘आदिवासी कलेचा सन्मान’ म्हणून गौरवली, ती नीट उभे राहून बघावी. तारपा हे वारल्यांचे फुंकून वाजवायचे वाद्य, ते सनईसारखे सरळसोट काढलेय. तारप्याला वाळलेल्या दुधी भोपळ्याचा फुगा असतो, खाली दोन बांबूच्या नळ्या आणि टोकाला ताडाच्या पानांचा कर्णा. यातले एकही नाही. नाचणारे तारपावाल्याभोवती वेटोळ्यात फिरतात, त्याच्याकडे पाठ करत नाहीत. इथे सगळे एका रांगेत, पाठमोरे. माणसाचे दोन त्रिकोण टोकाला टोक लावून येतात, तिथूनच अंगाला लचक येते. इथे साच्याने मारल्यामुळे मध्ये पट्टी राहिलीय. आणि कळस म्हणजे पालघटचा चौक, त्याच्या खाली ‘ओला कचरा, सुका कचरा वेगळा ठेवा’. एखाद्याच्या देवघराखाली असे लिहिले असते तर गावाने ऐकून घेतले असते का? ओल धरणाऱ्या भिंतीला प्रायमर न लावता थेट ऑइल पेंट फासलाय, त्यामुळे क्षार फुलून पोपडे पडायला लागलेत. कंत्राट देणाऱ्यांनी डहाणू, तलासरी, विक्रमगडचा एक चित्रकार बोलावला असता तर त्याने आधी भिंत खरवडून वाळवायला सांगितले असते आणि चौक तिथे काढूच दिला नसता.

दुसरीकडची चादर सोलापुरी म्हणून विकली की आपल्या पेपरात चार-चार कॉलम येतात, आणि यायलाच हवेत. भौगोलिक मानांकन वारली चित्रालाही आहे. तिथे मात्र साच्याने छापलेल्या नकलेचा ‘सन्मान’ होतो, हे बरोबर नाही.

आणखी एक. लेखासोबत अर्धे पान व्यापणारे चित्र छापलेत आणि खाली फक्त ‘आदिवासी कलाकृती’. हुसेन यांचे चित्र असते तर नाव छापायचे राहिले नसते. या चित्रकाराचे नाव आणि गाव शोधून येत्या रविवारी त्याच जागी छापावे, आणि चित्र वापरल्याचे मानधन त्याला पोचले का, तेही कळवावे.

आपला,
एक नियमित वाचक, जुळे सोलापूर