कित्ता एकच, हात निराळे

तैपेई

तीर्थरूप आबा यांस,
शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

रविवारी फोनवर तुम्ही विचारलंत, "संध्याकाळच्या त्या चिनी सुलेखनाच्या वर्गात एकाच माणसाचं अक्षर किती दिवस गिरवणार? स्वतःचं कधी काढणार?" तेव्हा मागे गाड्यांचा गोंगाट होता, शिवाय दोन वाक्यांत आटपणारं उत्तरही नव्हतं. म्हणून हे पत्र.

ज्याचं अक्षर गिरवतो आहे तो यान जनछिंग, चीनच्या थांग राजवटीतला अधिकारी (709–785). आमचा कित्ता म्हणजे त्याच्या 752 सालच्या एका शिलालेखाचा ठसा. दगडावर ओला कागद चिकटवायचा, वरून शाई थोपटायची, की काळ्यावर पांढरी अक्षरं उमटतात. आडव्या रेघा बारीक, उभ्या जाडजूड, प्रत्येक अक्षर पाय रोवून उभं. फराटा जिथे संपतो तिथे कुंचला थोडा थांबतो, मागे रेलतो आणि मग टोक काढतो. आम्ही नऊ घरं पाडलेल्या चौकोनात हेच करत बसतो.

पण त्याचं सगळ्यात नावाजलेलं लिखाण दगडावर नाही, कागदावर आहे, आणि ते इथल्याच राष्ट्रीय राजप्रासाद संग्रहालयात आहे. जपणूक इतकी कडक की ते क्वचितच बाहेर काढतात; 2019 साली टोकियोच्या प्रदर्शनाला उसनं दिलं तर केवढा गदारोळ झाला! 755 साली आन लूशान या सेनापतीने बादशहाविरुद्ध बंड केलं. त्यात यानचा चुलत भाऊ आणि भावाचा तरुण मुलगा मारले गेले. 758 मध्ये त्या पुतण्याचं नुसतं शिर हाती आलं, तेव्हा श्राद्धात वाचायच्या मजकुराचा हा कच्चा खर्डा. कागद जेमतेम 28 सेंटीमीटर उंच, 75 लांब. सुरुवातीला तारीख, हुद्दे, सगळं रीतसर. मग "बाप अडकला, मुलगा गेला, घरटं उलटलं, अंडी फुटली" या ओळींच्या आसपास खाडाखोड वाढते, शाई सुकत जाते तरी हात दौतीकडे वळत नाही, आणि शेवटच्या ओळी तर धावतच सुटतात. सुंदर लिहायचा विचार त्या क्षणी त्याच्या मनात नव्हता, आणि नेमकं तेच पुढच्या लोकांना हवंसं वाटलं.

आता तुमच्या प्रश्नाकडे येतो. पुढच्यांनी त्याचं घेतलं काय?

पुढच्या सोंग राजवटीतला कवी सू शी (1037–1101) याने तर त्याला डोक्यावरच घेतलं. कवितेत थांग काळचा कवी तू फू तसा अक्षरात यान, असं तो म्हणे. हाच सू शी हुआंगचौला हद्दपारीत असताना पावसाळी दिवसांवर दोन कविता लिहितो (1082). तो कागदही याच संग्रहालयात आहे. आरंभी अक्षरं लहान, दबलेली. मोडक्या चुलीत ओलं बोरूचं गवत जाळतोय त्या ओळीपर्यंत ती दुप्पट होतात, आणि एखादी उभी रेघ खाली लांबच लांब सुटते. वरवर पाहिलं तर त्यात यानची एकही रेघ नाही. पण त्याचा मित्र हुआंग थिंगच्येन याने शेजारी शेरा लिहिला की यात यान आणि आणखी दोघा जुन्यांच्या कुंचल्याचा भाव आहे, आणि सू शीने पुन्हा लिहायला घेतलं तरी त्याला हे साधेलच असं नाही. त्याने भाव म्हटलंय, आकार नव्हे. तो शेरा मला मूळ कवितेइतकाच आवडतो.

मी फू नावाच्या सोंग काळच्याच सुलेखनकाराचं मात्र वेगळंच (1051–1107). अतिशय फटकळ गडी. यानचं धावतं अक्षर शिकण्याजोगं आहे, पण ठाशीव अक्षर गावंढळ, असं त्याने सरळ लिहून ठेवलं. वर यानला वाईट अक्षराचा मूळपुरुषही ठरवलं. तरी धावतं अक्षर मात्र त्याने मन लावून अभ्यासलं. वर्गात उभ्या रेघा काढून काढून मनगट दुखायला लागलं की हा मी फू मला पटायला लागतो!

खरा किस्सा फू शानचा (जन्म 1607). शान्शी प्रांतातला हा वैद्य आणि विद्वान. विशीत त्याने जुन्या थोरांचे कित्ते गिरवले, जमेनात. मग जाव मंगफू या जुन्या सुलेखनकाराचं अक्षर हाती लागलं. गोल, गोड, लोभस. थोड्याच प्रयत्नांत अस्सल कुठलं नि नक्कल कुठली हे ओळखू येईना. मिंग राजवट 1644 मध्ये बुडाली आणि मांचू आले. तेव्हा त्याला आठवलं, जाव हा तर सोंग राजघराण्याचा वंशज असून मंगोल बादशहाच्या चाकरीत राहिलेला! सज्जनाशी सलगी जुळायला वेळ लागतो, चोरांशी लगेच जुळते, म्हणून तर ते अक्षर चटकन आलं, असं त्याने स्वतःलाच सुनावलं आणि तो यानकडे परतला. कारण यानने पुढे दुसऱ्या एका बंडखोर सेनापतीसमोर मान तुकवली नव्हती, मरण पत्करलं होतं. फू शानने पोरानातवंडांसाठी लिहून ठेवलं: चतुर असण्यापेक्षा ओबडधोबड बरं, लाडिक असण्यापेक्षा कुरूप बरं.

आणि आबा, मग त्याने केलं काय, तर यानच्या त्या घट्ट, सरळ अक्षराची मोडतोड केली. अवयव वाकडे, तोल सुटलेला, काही अक्षरं वाचवतही नाहीत. यानने ते पाहिलं असतं तर ओळखलं नसतं. पण माणूस बोलल्यासारखा वागला. 1679 साली मांचू दरबाराने विद्वानांची खास परीक्षा घेतली, तेव्हा सत्तरी ओलांडलेल्या त्याला खाटेवरून बीजिंगला नेलं. आजाराचं कारण सांगून तो परीक्षेला बसलाच नाही. जाववर मात्र त्याने अन्याय केला असं मला वाटतं. चाकरी कोणाची केली यावरून रेघ खोटी ठरत नाही.

एकोणिसाव्या शतकातल्या हे शाओजीने आणखी एक तऱ्हा केली: मनगट आत वळवून, कुंचला अवघडलेला धरून तो यानच्या वळणाचं अक्षर लिहायचा. रेघ थरथरते, पण हलकी होत नाही.

आमच्या लाओशी म्हणजे गुरुजी (बाईंनाही इथे हेच म्हणतात) आधी ठशावर पातळ कागद ठेवून गिरवून घेतात, मग समोर ठेवून, मग पुस्तक मिटवून. अखेरच्या पायरीला मूळ अक्षर पाहिलेलं असावं पण त्यासारखं काढू नये, असं म्हणतात. तिथवर मी अजून पोचलेलो नाही, एवढंच तुमच्या प्रश्नाचं उत्तर.

त्या खर्ड्याची छापील प्रत नळीत घालून टपालाने पाठवली आहे. उजवीकडून वाचायची, वरून खाली. खोडलेल्या जागा भिंगातून बघा. एकाच ठिकाणी दोनदा मन बदललेलं दिसेल.

आईच्या गुडघ्याचं डॉक्टर काय म्हणाले ते कळवा. तिला नमस्कार.

तुमचा,
धाकटा