थिकसेहून लेकीला

प्रिय सोनू,
जय भीम.

परवा फोनवर तू विचारलंस, "आई, तिथले दिवे, घंटा, मूर्ती बघून हा आपलाच धम्म आहे असं वाटलं का गं?" तेवढ्यात रेंज गेली. म्हणून लिहिते आहे.

थिकसे लेहपासून वीसेक किलोमीटरवर, सिंधूच्या खोऱ्यात आहे. टेकडीभर पांढरी घरं एकावर एक चढत गेलेली आणि सगळ्यात वर पंधराव्या शतकातली गोम्पा, म्हणजे बौद्ध मठ. उंची 3,600 मीटर, त्यामुळे तुझे बाबा प्रत्येक वळणावर दम घ्यायला थांबत होते. सकाळी भिक्खू गच्चीवर उभे राहून माणसापेक्षा लांब कर्णे फुंकतात, मग प्रार्थना सुरू होते. मोठ्या लामांसोबत लहान पोरंही रांगेत बसतात, मध्येच लोणी घातलेला खारट चहा फिरतो. पठण तिबेटीत, मला एक अक्षर कळेना. मी मनातल्या मनात त्रिसरण-पंचशील म्हटलं.

सगळंच पटलं असं नाही. रक्षक देवतांच्या उग्र मूर्ती, त्यांची झाकलेली तोंडं, पुढे मांडलेला प्रसाद हे आपल्या विहारात नसतं आणि नसावंच, असं माझं मत आजही आहे.

पण मग पोथ्या पाहिल्या. कापडात गुंडाळलेल्या, लांबट, सुट्या पानांच्या. कांग्युर म्हणजे बुद्धवचनं आणि तेंग्युर म्हणजे नागार्जुन, वसुबंधू, धर्मकीर्ती अशा आपल्या आचार्यांचे ग्रंथ. त्यांतल्या कितीतरींची संस्कृत मूळ प्रत भारतात उरलीच नाही, तिबेटी भाषांतर तेवढं राहिलं. हजार वर्षांपूर्वी रिन्चेन झांगपो हे तिबेटी भाषांतरकार काश्मीरला जाऊन शिकले आणि त्यांनी हे काम आयुष्यभर केलं. सोनू, आपल्याकडे लेणी ओस पडली होती तेव्हा या थंडीत कुणीतरी पानं उतरवून घेत होतं. 1956 साली तुझ्या पणजोबांनी दीक्षाभूमीवर दीक्षा घेतली, तोवर ही माणसं हा ठेवा सांभाळून होती. मला तिथे रडू आलं. नंतर त्या उग्र मूर्तींबद्दल कुणाशी वाद घालावासा वाटला नाही.

मैत्रेय बुद्धाची मूर्ती सुमारे 15 मीटर, दोन मजले व्यापणारी. दलाई लामांच्या 1970 च्या भेटीची आठवण म्हणून घडवलेली. आत गेलं की थेट चेहराच समोर येतो. अजिंठ्याच्या 17 नंबरच्या लेण्यात दारावर आठ आकृत्या दाखवल्या होत्या ना तुला? सात होऊन गेलेले बुद्ध आणि आठवा हाच, अजून यायचा असलेला.

तू पुढच्या उन्हाळ्यात जाच. विमानाने उतरलीस की दोन दिवस लेहमध्ये नुसता आराम कर, पाणी भरपूर पी. प्रार्थनेला पहाटेच निघ. जाड मोजे ने, आत बूट काढावे लागतात आणि जमीन फार गार असते.

तुझी,
आई